छपरावरची काजळी : जॉन ॲलन यांच्या प्रभावाचा माग

‘प्रभाव’ हा शब्द आपल्या समीक्षेत फार स्वस्त झाला आहे. एका कवीच्या दोन ओळी वाचताना दुसऱ्याच्या दोन ओळी आठवल्या, की पहिल्यावर दुसऱ्याचा प्रभाव असल्याचा निर्वाळा देऊन आपण मोकळे होतो. तो कोणत्या वाटेने आला, कशाच्या रूपाने आला आणि घेणाऱ्याने पुढे त्याचे काय केले, हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. प्रबंधांतून प्रभावाचे एक स्वतंत्र प्रकरण असते खरे. पण साधर्म्यस्थळांच्या यादीपलीकडे ते क्वचितच जाते. हे प्रश्न साहित्याबाहेरच्या एखाद्या निर्मितीच्या आधारे तपासले, तर ते अधिक स्वच्छ दिसतात असे आम्हांला वाटते. म्हणून येथे आम्ही एक असे क्षेत्र घेतले आहे, ज्याला कला म्हणावे की छंद याविषयीच एकमत नाही : अमेरिकेतील लघुरेल्वे, आणि त्यातही रुळांच्या कडेने उभ्या असलेल्या चिमुकल्या इमारती.

पुण्यात कोथरूडला जी. ए. कुलकर्णी पथावर १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना या मापाची कल्पना येईल. ‘एचओ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मापात मूळ वस्तू आणि प्रतिकृती यांचे प्रमाण ८७ ला १ असे असते. पावणेसहा फुटी माणूस येथे जेमतेम २ सेंटिमीटरचा होतो. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा दरवाजापेक्षा उंच असला तरी आपले काही अडत नाही. येथे मात्र दरवाजा, पायरी, खिडकीची काच, सारे त्या दोन सेंटिमीटरच्या माणसाशी इमान राखून असावे लागते. गाड्या पुष्कळदा तयार मिळतात. इमारती मात्र छंदिक स्वतः लाकूड, पुठ्ठा आणि कागद यांतून उभारत आले. त्यामुळे व्यक्तीची मुद्रा गाड्यांपेक्षा इमारतींवर अधिक ठळक उमटते. प्रभावाचा शोध इमारतींतच घ्यायचा तो यासाठी.

या क्षेत्रात ज्या एका माणसाचे नाव सर्वांत अधिक घेतले जाते, ते जॉन ॲलन (१९१३-१९७३). व्यवसायाने छायाचित्रकार. १९४६ च्या सुमारास ते कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे स्थायिक झाले आणि त्याच सुमारास त्यांनी एका काल्पनिक डोंगरी रेल्वेची लहानशी मांडणी उभारली. तिचे नाव ‘गॉर अँड डॅफेटिड’. अक्षरे पाहिली तर दोन गावांची नावे वाटावीत. ॲलन यांच्या उच्चाराप्रमाणे मोठ्याने म्हटली तर ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असा अर्थ निघावा, अशी ही इंग्रजी कोटी आहे. पहिली मांडणी एखाद्या मेजाएवढी होती. पुढे तिचा विस्तार झाला, घर बदलले, आणि १९५० च्या दशकात ती पहिली मांडणी आपल्या पोटात सामावून घेणारी, फरशीपासून छतापर्यंत डोंगर उभे करणारी एक विशाल रचना आकाराला येऊ लागली. तिच्यावर ॲलन अखेरपर्यंत काम करीत राहिले.

ॲलन यांच्या आधीच्या बहुतेक लघुइमारती पाहिल्या तर त्या नुकत्याच वास्तुशांत झाल्यासारख्या दिसतात. भिंती सरळ, रंग ताजा, छपराचे एकूण एक कौल जागच्या जागी. कारागिराचे कौशल्य नेटकेपणात असते ही त्यामागची समजूत. ॲलन यांच्या इमारतींना मात्र वय होते. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी उभारलेली गॉर येथील इंजिनशेड हे याचे नामांकित उदाहरण. इंजिनशेडमध्ये वाफेची इंजिने धुराड्यांखाली उभी राहतात. तेव्हा काजळी साचायची ती धुराड्यांभोवती, आणि तेथून पावसाबरोबर उतारावर ओघळायची. भिंतीच्या तळाशी चिखलाचे पाणी उडते, म्हणून खालच्या फळ्या आधी कुजतात. गंजाचा ओघळ खिळ्यापासून सुरू होतो आणि तो खालीच जातो. इमारत जुनी दाखवायची म्हणजे तिच्यावर घाण फासायची नव्हे. पाऊस, धूर, ऊन आणि दुर्लक्ष यांनी त्या इमारतीवर कोणत्या क्रमाने काम केले असते याचा विचार करायचा. या क्रियेला आज ‘वेदरिंग’ म्हणतात, आणि तिच्या अग्रणींमध्ये ॲलन यांचे नाव निर्विवाद आहे.

आता मुख्य प्रश्न. ॲलन यांचा प्रभाव पसरला कसा? माँटेरेतील त्या घरात जाऊन मांडणी प्रत्यक्ष पाहणारे मोजकेच. देशभरातील हजारो छंदिकांनी पाहिली ती तिची छायाचित्रे. ‘मॉडेल रेलरोडर’सारख्या नियतकालिकांतून ती येत राहिली, पन्नासच्या दशकात ‘व्हार्नी’ या इंजिने आणि डबे बनवणाऱ्या कंपनीच्या जाहिरातींसाठीही ॲलन यांनी आपल्याच मांडणीवर दृश्ये रचून ती टिपली. जाहिरात होती गाडीची. पाहणाऱ्याच्या मनात राहिला गाडीमागचा डोंगर, त्याला बिलगलेली गोदामे, आणि त्यांच्या फळ्यांवरचा काळपट ओलावा. म्हणजे या प्रभावाचे माध्यम छायाचित्र होते. शिवाय ते छायाचित्र ज्याने काढले त्यानेच इमारतही बांधली होती. ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. कॅमेऱ्यासमोर काय टिकेल हे ॲलन जाणत होते. कॅमेऱ्याचे छिद्र अत्यंत लहान ठेवून जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट टिपण्याचे तंत्र त्यांना अवगत होते. दूरच्या इमारती मुद्दाम लहान मापात करून अंतराचा भास निर्माण करणे, आरशांचा उपयोग करून मांडणी लांबवणे, या युक्त्याही एका डोळ्याने पाहणाऱ्या यंत्राला जितक्या सहज फसवतात तितक्या दोन डोळ्यांच्या माणसाला फसवत नाहीत.

पुढे जे घडले त्याने छायाचित्राचे हे राज्य कायमचे झाले. ६ जानेवारी १९७३ रोजी ॲलन हृदयविकाराच्या झटक्याने वारले. त्यानंतर दहाच दिवसांनी त्यांच्या घराला आग लागली आणि पूर्णत्वाच्या जवळ आलेली ती मांडणी जवळजवळ सगळी नष्ट झाली. ‘मॉडेल रेलरोडर’चे संपादक लिन वेस्टकॉट यांनी ॲलन यांच्यावर लिहिलेले पुस्तक १९८१ मध्ये, वेस्टकॉट यांच्याही मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. तेव्हापासून ॲलन यांच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकापुढे मूळ कृती नाही. तिचा छापील पाठ तेवढा आहे.

‘पाठ’ हा शब्द आम्ही सहज वापरलेला नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी महाभारताची जी चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, तिच्यामुळे पाठचिकित्सेची शिस्त आपल्याकडे अपरिचित राहिलेली नाही. या शिस्तीचे एक साधे सूत्र आहे : दोन हस्तलिखितांत एकच शुद्ध पाठ सापडला तर त्यावरून त्यांचे नाते सिद्ध होत नाही, कारण शुद्ध पाठ दोघांनाही स्वतंत्रपणे मिळालेला असू शकतो, दोन्हींत एकच अनपेक्षित चूक सापडली, तर मात्र नात्याचा संशय बळावतो. लघुइमारतींना हे सूत्र लावून पाहावे. एखाद्या जुन्या प्रतिकृतीच्या छपरावर धुराड्याभोवती काजळी आहे, एवढ्यावरून ती ॲलन यांच्या वळणाची ठरत नाही. वाफेच्या इंजिनांच्या काळात जो कोणी रेल्वेच्या आवारात डोळे उघडे ठेवून हिंडला, त्याला ती काजळी दिसलीच असती. निरीक्षण ही कोणाची मिरास नव्हे.

मग नात्याची खूण कोठे शोधायची? आमच्या मते, जे वास्तवात नाही पण ॲलन यांच्या छायाचित्रांत आहे, तेथे. प्रत्यक्षात दोन फळ्यांमधील फट ३ मिलिमीटर असेल तर एचओ मापात ती ०.०३ मिलिमीटर होईल, म्हणजे दिसणारच नाही. ती दिसावी म्हणून कारागीर तिला रुंद करतो, काळी करतो. सावलीचेही तेच. ही अतिशयोक्ती मापाची गरज आहे. पण तिचे प्रमाण किती असावे हे माप सांगत नाही, ते रुची सांगते. ॲलन यांच्या छायाचित्रांतील गडद फटी, उंच पुलाच्या टोकाशी कड्याला चिकटवलेल्या इमारती, कोणताही अभियंता मंजूर करणार नाही असे उभे चढ, ही सगळी त्यांच्या रुचीची निशाणी आहे. दुसऱ्या कोणाच्या कामात हीच अतिशयोक्ती याच प्रमाणात आढळली आणि तिला तेथे दुसरे कारण नसले, तर ती पाठाच्या चुकीसारखी साक्ष देते.

या कसोटीवर सर्वांत उद्बोधक ठरते ते जॉर्ज सेलिऑस यांचे काम. त्यांनी १९६७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ‘फाइन स्केल मिनिएचर्स’ ही कंपनी सुरू केली. कापलेले लाकूड, धातूच्या ओतीव बारीकसारीक वस्तू, आणि रंग कसा द्यावा, फळी कशी जुनी करावी हे सांगणारे सविस्तर सूचनापत्र असे तिच्या किटांचे स्वरूप. मर्यादित संख्येत निघालेली ती किटे आज संग्राहकांच्या जगात मौल्यवान मानली जातात. आपण ॲलन यांचे ऋणी आहोत हे सेलिऑस यांनी कधी लपवले नाही. तरीही १९८५ पासून त्यांनी उभारलेली ‘फ्रँकलिन अँड साउथ मँचेस्टर’ ही मांडणी ॲलन यांच्या मांडणीशेजारी ठेवली तर प्रथमदर्शनी साम्य काय दिसते? ॲलन यांच्याकडे पश्चिमेचे निर्मनुष्य डोंगर. सेलिऑस यांच्याकडे महामंदीच्या काळातील न्यू इंग्लंडचे दाटीवाटीचे औद्योगिक शहर, विटांच्या उंच भिंती, त्यांवर फिकट झालेल्या जाहिराती, आणि खाली माणसांची गर्दी. घाट वेगळा, प्रदेश वेगळा, काळाची जाणीव वेगळी. साधर्म्यस्थळांची यादी करणारा अभ्यासक येथे हात हलवीत परत जाईल.

आणि तरी नाते आहे, हे घेणाऱ्याने स्वतःच सांगितले आहे. मग घेतले काय? आमचे उत्तर असे की, वास्तूला चरित्र असते ही कल्पना घेतली. इमारत कोणी बांधली, तिच्यावर कोणाचा धंदा चालला, तो कधी बुडाला, नंतर ती कोणाच्या ताब्यात गेली, हे सर्व तिच्या भिंतीवर वाचता आले पाहिजे, हा आग्रह ॲलन यांच्याकडून आला. ॲलन यांच्या मोडकळीला त्यांच्या कथेत कारण होते : रेल्वेचे नावच पराभूत, तिची तिजोरी रिकामी, मग शेडला नवा रंग कोठून मिळणार? सेलिऑस यांनी ते कारण उसने घेतले नाही. त्यांनी महामंदी हे दुसरे, इतिहासात घडलेले कारण शोधले आणि त्यावर आपले शहर उभे केले. खऱ्या प्रभावाचे लक्षण आम्ही हेच मानतो. घेणारा उत्तर उचलत नाही, प्रश्न उचलतो.

येथे कोणी म्हणेल, की ॲलन यांच्या मार्गाला विरोधही झाला. तो झाला आणि तो दखल घेण्याजोगा आहे. सत्तरच्या दशकात ॲलन मॅक्लेलँड यांची ‘व्हर्जिनियन अँड ओहायो’ आणि टोनी केस्टर यांचे लेखन व काम यांतून एक वेगळा आग्रह बळावला : लघुरेल्वे काल्पनिक असली तरी ती खऱ्या जाळ्याचा भाग वाटावी, तिच्या गाड्यांना कोठून तरी येऊन कोठे तरी जायचे असावे, भूगोल पटण्याजोगा असावा. या पंथाला ॲलन यांचे कडे आणि कोट्या नाटकी वाटाव्यात हे स्वाभाविक होते. परंतु या पंथातील मांडण्यांवरची गोदामे आणि स्थानके पाहा. त्यांच्या छपरांवर काजळी आहे, फळ्यांवर ओघळ आहेत. नवीकोरी, चकचकीत इमारत मांडणीवर ठेवण्याचे धाडस त्या पंथात सहसा कोणी करीत नाही. ज्याचा विरोध करायचा त्याचाच एक भाग विरोधकांनी हवेसारखा आत घेतला होता. प्रभाव पूर्णत्वाला जातो तेव्हा तो दिसेनासा होतो. प्रभावाच्या शोधातली खरी अडचण हीच आहे.

या अडचणीतूनच एक अन्याय जन्म घेतो आणि त्याविषयी आम्हांला स्पष्ट बोलायचे आहे. पन्नास-साठच्या दशकांतील एखादी जीर्ण दिसणारी लाकडी प्रतिकृती हाती लागली, की तिला ‘ॲलन वळणाची’ म्हणण्याचा मोह होतो. त्या काळात ॲलन एकटे नव्हते. ई. एल. मूर (१८९८-१९७९) बाल्सा लाकूड आणि पुठ्ठा यांसारख्या साध्या सामग्रीतून इमारती उभारीत होते, आणि त्या कशा कराव्यात हे नियतकालिकांतून खेळकर शैलीत सांगत होते. जॅक वर्क यांची लाकडी कामे त्यांच्या बारकाव्यासाठी वाखाणली जात. जिम फिंडले हे ॲलन यांचे स्नेही. त्यांनी बांधलेल्या काही इमारती तर ॲलन यांच्या मांडणीवरच होत्या. विचार करण्याजोगी गोष्ट आहे : ‘गॉर अँड डॅफेटिड’चे छायाचित्र पाहून एखाद्याने जी इमारत डोळ्यांसमोर ठेवली, ती ॲलन यांची नसून फिंडले यांची असू शकते! मोठे नाव हे वडाच्या झाडासारखे असते. त्याच्या सावलीत काय काय उगवले होते याची नोंद पुढे कोणी ठेवत नाही. प्रभावाचा अभ्यास म्हणजे मोठ्या नावाच्या खात्यावर आणखी काही जमा करणे असे आपण समजत असू, तर तो अभ्यास न केलेला बरा. खुद्द ॲलनही कोणाचे तरी देणे लागत होते. न्यू ऑर्लिन्सच्या फ्रँक एलिसन यांनी चाळीसच्या दशकात लघुरेल्वेकडे रंगभूमी म्हणून पाहावे, गाड्या ही पात्रे आणि मांडणी हा रंगमंच, असा विचार मांडला होता. ॲलन यांच्या नाट्यमय डोंगरांचे मूळ त्या विचारापर्यंत नेता येते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ॲलन यांच्यानंतर मोडकळ हीच एक शैली झाली. वाकलेली छपरे, निखळलेल्या फळ्या, अंगणात गंजलेल्या पिंपांचा ढीग, प्रत्येक भिंतीवर फाटके पत्रक, असे साचे तयार झाले आणि कारण मागे पडले. वाहता धंदा असलेली, गिऱ्हाइकांनी गजबजलेली पिठाची गिरणीही पडायला आलेली दाखवायची, कारण पडायला आलेली इमारत देखणी दिसते! मराठी वाचकाला हा प्रकार अनोळखी नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ मध्ये आली. त्यांतले दारिद्र्य आणि दुष्काळ हे त्या माणसांच्या जगण्याचे कारण आणि परिणाम दोन्ही होते. त्यानंतरच्या ग्रामीण कथेच्या एका मोठ्या भागाने बोली उचलली, भेगाळलेली जमीन उचलली, आणि दुष्काळ कथेच्या सजावटीला लावला. अशा कथांना माडगूळकरांच्या प्रभावातील म्हणणे हा माडगूळकरांवर अन्याय आहे, असे आम्ही वर्गात नेहमी सांगत आलो आहोत. कारणापासून तुटलेली मोडकळ दुसऱ्याचे दैन्य प्रेक्षणीय करते. ती भिंत कोणाची होती आणि ती का पडली, हे विचारण्याची गरज मग उरत नाही. कथेत जे घडते तेच ८७ पटींनी लहान झोपडीतही घडते, आणि माप लहान झाले म्हणून जबाबदारी लहान होत नाही.

तेव्हा जुन्या लघुइमारतीत ॲलन यांचा प्रभाव शोधायचा असेल तर आराखडा, खिडक्यांची संख्या, छपराचा कोन यांची तुलना पुरेशी नाही. प्रथम वाट पाहावी : कारागिराच्या हाती कोणते अंक, कोणती छायाचित्रे, कोणते सूचनापत्र येऊ शकत होते. मग काळ पाहावा; ॲलन यांच्याच पिढीतल्या कारागिराला त्यांचा शिष्य ठरवण्याची घाई करू नये. त्यानंतर खुणा पाहाव्यात, आणि त्याही निरीक्षणातून कोणालाही मिळू शकणाऱ्या नव्हेत, तर रुचीतून आलेल्या. आणि शेवटी त्या इमारतीला एकच प्रश्न विचारावा : तुझे छप्पर का गळते? ज्या इमारतीपाशी याचे उत्तर आहे, तिच्यावर ॲलन यांचे नाव घालायला आमची हरकत नाही, मग तिचा घाट त्यांच्या कोणत्याही इमारतीशी जुळो वा न जुळो. जिच्यापाशी उत्तर नाही, तिची काजळी कितीही हुबेहूब असली तरी ती नक्कल आहे. मूळ इंजिनशेड ज्या मांडणीवर उभी होती ती १९७३ मध्येच जळाली. आता तिच्या नकला मोजत बसण्यापेक्षा तिने विचारलेला प्रश्न पुढे कोणी कोणी विचारला, याची नोंद करणे अधिक उपयोगाचे.